कॅज्युअल्टीत सीपीआर देताना: नव्या परिचारिकांसाठी

नागपुरातील मेडिकल वा मेयो हे सरकारी रुग्णालय असो वा एखादे खासगी, कॅज्युअल्टीत म्हणजे तातडीच्या विभागात हृदय बंद पडलेल्या रुग्णाजवळ सर्वांत आधी पोहोचते ती बहुधा परिचारिकाच, त्यामुळे सीपीआर, म्हणजे छाती दाबून व श्वास देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे काम, सुरू करायला डॉक्टरांची वाट पाहत थांबू नये. रुग्णाला हलवून हाक मारावी, मदतीसाठी ओरडावे, आणि श्वास व मानेतील नाडी एकाच वेळी पाहावी. त्यासाठी 10 सेकंदांहून अधिक वेळ लावू नये. नाडीबद्दल शंका असल्यास ती नाही असे समजून छाती दाबायला सुरुवात करावी. अधूनमधून येणाऱ्या आचक्यांना श्वास समजण्याची चूक नवखेपणी हमखास होते.

ड्युटीवर येताच क्रॅश ट्रॉलीबरोबर (तातडीची औषधे व साधने ठेवलेली ढकलगाडी) पायाखालचे स्टूलही जागेवर आहे का ते पाहावे. स्ट्रेचर उंच असते आणि आपल्यापैकी बऱ्याच जणी ठेंगण्या असतात. स्टूल नसले तर कोपरे वाकतात आणि दाब केवळ दंडांच्या जोरावर पडतो. खांदे तळहातांच्या थेट वर आणून उरोस्थीचा खालचा अर्धा भाग 5 ते 6 सेंटिमीटर, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबावा आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी, कारण हृदय त्याच क्षणी पुन्हा भरते. गादी मऊ असेल तर पाठीखाली फळी सरकवावी. बरगडी मोडल्याचा आवाज पहिल्यांदा तळहाताला जाणवतो तेव्हा कोणाचेही हात थबकतात. अशा वेळी हातांची जागा तपासावी, पण दाबणे चालू ठेवावे.

दाबणारीला स्वतःचा थकवा उशिरा कळतो. आपण नीट दाबत आहोत असे तिला वाटत असतानाच दाबाची खोली कमी झालेली असते, म्हणून दर 2 मिनिटांनी माणूस बदलावा. ‘अजून जमते आहे’ हे कोणाचेही, अगदी इन्चार्ज सिस्टरांचेही, ऐकू नये. पुढची परिचारिका समोरच्या बाजूला हात तयार ठेवून उभी असावी.

अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने, 30 दाबांनंतर 2 श्वास द्यावेत. श्वासनलिकेत नळी टाकल्यावर दर 6 सेकंदांनी एक पुरतो. घाईत बॅग भराभर दाबली जाते, त्यामुळे छातीतील दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त घटते. मे महिन्यात रुग्ण घामाने चिंब होऊन येतो, तेव्हा डिफिब्रिलेटरचे (हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राचे) पॅड लावण्यापूर्वी छाती पुसून घ्यावी. शॉकनंतर नाडी शोधत न बसता लगेच दाबायला लागावे. ॲड्रेनालिन हे औषध 1 मिलिग्रॅम दर 3 ते 5 मिनिटांनी दिले जाते. ती वेळ मोठ्याने सांगून एकीने लिहून ठेवावी.

दाराशी उभ्या नातेवाइकांजवळ एकीला ठेवावे. काहीच न कळल्याने त्यांचा जीव अधिक टांगणीला लागतो.

सारे आटोपल्यावर हात थरथरतात, ते वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचेही. दहा मिनिटे बसावे, पाणी प्यावे, बरोबरच्या सिस्टरशी बोलावे. मग ट्रॉलीतील वापरलेल्या ॲम्प्युल (औषधाच्या काचेच्या कुप्या) पुन्हा भरून स्टूल पुन्हा जागेवर ठेवावे.