कॉम्बी बॉयलर घेताना खोल्या मोजता? या चुका टाळा

“तीन खोल्यांचं घर, म्हणून 24 किलोवॅट, पाच खोल्या, म्हणून 35.” कॉम्बी बॉयलर, म्हणजे नळाचं पाणी आणि घर ऊबदार ठेवणाऱ्या रेडिएटरमधलं (भिंतीवरच्या गरम पाण्याच्या पॅनेलमधलं) पाणी दोन्ही तापवणारं एकच गॅसयंत्र, असा निवडला की निम्म्या तक्रारी तिथेच सुरू होतात. या यंत्रात गरम पाण्याची साठवण टाकी नसते. नळ उघडला की पाणी आतल्या प्लेट हीट एक्स्चेंजरमधून (उष्णता पाण्याला देणाऱ्या पातळ पत्र्यांच्या संचातून) वाहत जातं आणि जाता जाता तापतं. म्हणून सगळ्यात जास्त ताकद लागते ती नळाच्या गरम पाण्याला. घर ऊबदार ठेवायला त्यापेक्षा बरीच कमी पुरते, आणि खोल्यांची संख्या गरम पाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

हिशोब सोपा आहे. मिनिटाला किती लिटर पाणी हवं, त्याला तापमानातल्या वाढीने गुणा आणि आलेल्या आकड्याला 0.07 ने गुणा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. थंडीत नळाला 5 अंशांचं पाणी येतं आणि अंघोळीला 40 अंशांचं हवं, म्हणजे वाढ 35 अंशांची. 24 किलोवॅटचा बॉयलर एवढी वाढ देताना मिनिटाला जेमतेम 10 लिटर पाणी देतो. एका शॉवरला हे पुरतं. 150 लिटरचा टब भरायला मात्र पाव तास लागतो. दोन शॉवर एकाच वेळी, प्रत्येकी 9 लिटरचे, चालवायचे तर गरज 44 किलोवॅटवर जाते. भिंतीवरच्या बहुतेक घरगुती कॉम्बींना ते झेपत नाही. अशा घरात टाकीवाली पद्धतच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

माहितीपत्रक वाचताना एक मेख लक्षात ठेवा. तोच 24 किलोवॅटचा बॉयलर 30 अंशांच्या वाढीला साडेअकरा लिटर देतो. एका कंपनीने 30 अंशांचा आकडा छापला आणि दुसरीने 35 चा, तर त्यांची तुलना करून उपयोग नाही. दोन्ही आकडे एकाच वाढीवर आणा.

बॉयलर कितीही मोठा घेतला तरी मुख्य लाइनमधून येतं त्याहून जास्त पाणी तो देऊ शकत नाही. खरेदीआधी 10 लिटरची बादली मुख्य लाइनच्या नळाखाली ठेवा, नळ पूर्ण उघडा आणि वेळ मोजा. 60 सेकंदांत भरली तर प्रवाह 10 लिटर. सकाळी सगळे पाणी वापरत असतात तेव्हा पुन्हा मोजा आणि त्यातला कमी आकडा धरा. तो 10 असेल तर 35 किलोवॅटचे पैसे वाया जातात.

गरम पाण्यासाठी मोठा बॉयलर घेतला की दुसरी अडचण दिसते ती रेडिएटरच्या बाजूला. कडाक्याच्या थंडीत 6 किलोवॅट लागणाऱ्या घराला सौम्य दिवशी दोनच पुरतात. बर्नर 7 किलोवॅटच्या खाली उतरत नसेल तर तो पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. गॅस वाया जातो आणि सुटे भाग झिजतात. त्यामुळे कमाल ताकदीइतकाच किमान ताकदीचा आकडाही विचारा. 30 किलोवॅटचा बॉयलर 3 पर्यंत उतरत असेल तर चांगलं. रेडिएटरसाठीची कमाल मर्यादा सेटिंगमधून वेगळी कमी करता येते. बसवणाऱ्याकडून ती घराच्या गरजेएवढी करून घ्या.

कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली वाफ द्रवून तिचीही उष्णता वापरणारा) घेऊन रेडिएटरकडे जाणारं पाणी 75 अंशांवर चालवणं ही चूक तर घरोघरी दिसते. नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ साधारण 55 अंशांखाली द्रवते आणि बचत तिथूनच येते. म्हणून रेडिएटरमधून परत येणारं पाणी त्याहून थंड हवं. मात्र 75/65 अंशांवर (जाणारं/परतीचं पाणी) मोजलेला रेडिएटर 55/45 वर जवळपास निम्मीच उष्णता देतो. रेडिएटर लहान असतील तर आधी ते बदलावे लागतील.

बसवताना घाई होते ती धुण्यात. जुन्या पाइपांतला काळा गाळ काढल्याशिवाय नवा बॉयलर जोडू नये. परतीच्या पाइपवर चुंबकी फिल्टर लावा आणि पाण्यात गंजरोधक टाका. धुरातली वाफ द्रवून निचऱ्यातून बाहेर पडणारं पाणी आम्लधर्मी असतं, त्यामुळे तिथे तांब्याचा नव्हे, प्लास्टिकचा पाइप हवा. त्याला सलग उतार द्या. बाहेर बारीक पाइप ठेवला तर तो गोठतो आणि ऐन थंडीत बॉयलर बंद पडतो. गॅसचा पाइपही तपासून घ्या, कारण 30 किलोवॅटला तासाला 3 घनमीटरच्या आसपास नैसर्गिक वायू लागतो.

बिघाड कुठून ओळखायचा

रेडिएटर नीट तापतात, पण नळाचं पाणी कोमट किंवा कधी गरम कधी गार येतं: जड पाण्याच्या भागात पहिला संशय प्लेट एक्स्चेंजरमधल्या क्षारांवर घ्या. गरम पाणी 50 अंशांच्या आसपास ठेवलं तर थर हळू साचतो.

उन्हाळ्यात नळ उघडला की रेडिएटरही तापतो: डायव्हर्टर व्हॉल्व्ह (उष्णता नळाकडे की रेडिएटरकडे हे ठरवणारी झडप) अडकला आहे.

थंड असताना रेडिएटरच्या पाण्याचा दाब 1 ते 1.5 बार असावा. तापल्यावर काटा 3 कडे धावत असेल आणि थंड झाल्यावर शून्याकडे पडत असेल, तर एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेली आहे. नुसतं पाणी भरत राहिल्याने हे बरं होत नाही. काहीही न करता दाब चढतच असेल तर आधी पाणी भरायचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का ते बघा.

नळ बारीक सोडल्यावर पाणी थंडच येतं: बहुधा बिघाड नाही. प्रवाह मिनिटाला दोन-अडीच लिटरच्या खाली असला तर बरेच बॉयलर पेटतच नाहीत.

आवरण उघडून बर्नर किंवा धुराच्या नळीला स्वतः हात लावू नका. ते काम परवानाधारक गॅस तंत्रज्ञाचं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचा अलार्म बॉयलरसोबतच बसवून घ्या.