कोर्टाच्या आणि राजकारणाच्या बातम्या पॉडकास्टवर कशा ऐकाव्यात

‘दहा पॉडकास्ट सबस्क्राइब करा आणि अपडेट राहा’ असं सांगणाऱ्याने स्वतः एक तरी एपिसोड शेवटपर्यंत ऐकला असेल का, याची मला शंका आहे. दहा लागत नाहीत, दोन पुरतात. मराठीत बीबीसी मराठीचं ‘सोपी गोष्ट’ घ्या. एका वेळी एकच विषय असतो, त्यामुळे डोक्यात खिचडी होत नाही. इंग्रजी समजत असेल तर इंडियन एक्सप्रेसचं ‘थ्री थिंग्ज’ जोडीला ठेवा. एखाद्या पक्षाच्या प्रवक्त्याचं चॅनल ऐकायचंच असेल तर खुशाल ऐका, पण ती त्या पक्षाची बाजू आहे एवढं ध्यानात असू द्या.

एपिसोड रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये ऐनवेळी शोधाशोध करायला गेलात तर कुर्डुवाडी येईपर्यंत गोल चक्रच फिरत राहील.

आणि यंत्रमागावर उभं राहून कोर्टाची बातमी ऐकू नका. आमच्याकडे सोलापुरात बरेच जण एका कानात इअरफोन घालून काम करतात. गाण्यांना ते चालतं. खटखटाटात नेमका वाक्याचा शेवट हरवतो, आणि ‘स्थगिती दिली’ की ‘स्थगिती द्यायला नकार दिला’ हे त्या शेवटातच असतं. मग जेवणाच्या सुट्टीत चहाच्या गाड्यावर दोघंजण एकाच बातमीवरून भांडत बसतात, आणि दोघांनीही अर्धीच ऐकलेली असते.

इथपर्यंत कुणालाही जमतं. गोम पुढे आहे, आणि मला सगळ्यात जास्त वेळ तिथेच लागला. न्यायमूर्ती बोलले काय आणि न्यायालयाने आदेश काय दिला, या दोन गोष्टी वेगळ्या काढायला शिका. सुनावणीत न्यायमूर्ती वकिलांना प्रश्न विचारतात, टोचून बोलतात, कधी मुद्दाम उलट बाजू मांडून बघतात. त्यातलं एक चटकदार वाक्य उचललं जातं आणि एपिसोडला नाव पडतं: ‘सरकारला फटकारलं’, ‘आयोगाला दणका’. ऐकणाऱ्याला वाटतं निकाल लागला. प्रत्यक्षात त्या दिवशी फक्त नोटीस निघालेली असते, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला सांगितलेलं असतं.

एप्रिल २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात काय झालं ते बघा. कोरोनाच्या काळात प्रचारसभा होऊ दिल्या म्हणून निवडणूक आयोगाच्या अधिकाऱ्यांवर खुनाचा गुन्हा लावायला हवा, असं सुनावणीत तोंडी म्हटलं गेलं. देशभर बातमी झाली. लेखी आदेशात मात्र त्यातलं काहीच नव्हतं. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मे २०२१ ला न्यायालयाने सांगितलं की ते शब्द कठोर होते, पण तोंडी शेरे अधिकृत नोंदीत येतच नाहीत, मग वगळायचं काय? असे शेरे छापायला माध्यमांना बंदी घालायलाही त्याने नकार दिला. तेव्हा ‘फटकारलं’ यापुढेही ऐकू येणारच. गाळणी आपल्यालाच लावायची आहे.

माझी पद्धत साधी आहे. एपिसोड संपला की मी चार ओळी लिहितो: कोणतं न्यायालय, प्रकरण कोणत्या टप्प्यावर, आज लेखी आदेश काय, पुढची तारीख कोणती. तिसरी ओळ रिकामी राहिली तर ती बातमी मी कुणाला सांगत नाही. ‘निकाल राखून ठेवला’ असेल, म्हणजे सुनावणी संपली पण निकाल नंतर देणार, तर ती ओळ रिकामीच समजायची.

दुसरा गोंधळ दरवाजांचा, म्हणजे निर्णय नेमका कुणाच्या दारातून आला याचा. ‘शिवसेनेचा निकाल’ म्हणून तीन वेगवेगळे निर्णय सर्रास एकात एक मिसळले जातात. १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला तो निवडणूक आयोगाने. ११ मे २०२३ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींचा. बहुमत चाचणी घ्यायला सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय योग्य नव्हता, पण उद्धव ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाताच राजीनामा दिल्याने त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, आणि आमदारांच्या अपात्रतेचं विधानसभा अध्यक्षांनी ठरवावं, असा तो होता. १० जानेवारी २०२४ ला कुणालाच अपात्र ठरवलं नाही, ते विधानसभा अध्यक्षांनी. ११ मे च्या संध्याकाळी दोन्ही गट आपणच जिंकलो म्हणत होते आणि दोघांच्या बाजूचे एपिसोड तयार होते. अशा वेळी तासभराची चर्चा ऐकण्यापेक्षा निकालपत्राच्या शेवटचे निष्कर्ष वाचा, दोन-तीन पानांचंच काम असतं. निकालपत्रं सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, काहींचे मराठी अनुवादही असतात. घटनापीठाच्या, म्हणजे पाच किंवा अधिक न्यायमूर्तींच्या पीठाच्या, सुनावण्या तर सप्टेंबर २०२२ पासून थेट दाखवल्या जातात.

वेग दीडपट ठेवलात तरी चालेल. वकिलांच्या मुलाखतीला मात्र नेहमीचाच ठेवा.

रेकॉर्डिंगची तारीख बघितल्याशिवाय एपिसोड सुरू करू नका. सोलापूर महापालिकेवर मार्च २०२२ पासून प्रशासक बसला. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्यायला सांगितल्या. सप्टेंबरमध्ये ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. मे मधला एपिसोड दिवाळीत ऐकून ‘कोर्टाचा अवमान झाला’ म्हणत फिरणारे इच्छुक आमच्या प्रभागातही होते.

उच्च न्यायालयाबद्दलचे जुने एपिसोड तर सरळ काढून टाका. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं पीठ, सुरू झालं आहे आणि आपला सोलापूर जिल्हा त्याच्या सहा जिल्ह्यांत आहे. त्याआधीचं काही ऐकून कुणी मुंबईच्या गाडीचं तिकीट काढत असेल, तर आधी वकिलाला फोन करायला सांगा.