टेलीमार्क शिकताना या चुका टाळा: घोळ बहुतेक मागच्या पायाचाच

टेलीमार्क या स्कीइंगच्या प्रकाराच्या दोन दिवसांच्या शिबिरात शनिवारी दुपारी नवशिक्यांच्या उतारावर एकच दृश्य दिसतं. पुढचा गुडघा झोकात वाकलेला, मागचा जवळजवळ बर्फाला टेकलेला, फोटोला अगदी देखणी पोझ. पुढच्याच क्षणी मागची स्की भलतीकडे सरकते आणि माणूस कुशीवर आडवा. मीही असाच पडलो होतो, एका सकाळीच किमान दहा वेळा. चूक गुडघा वाकवण्यात नव्हती. माझ्या मागच्या पायावर वजनच नव्हतं.

टेलीमार्कमध्ये बूट फक्त पुढून, बोटांच्या बाजूने बांधलेला असतो, टाच मोकळी. वळताना बाहेरची स्की पुढे, आतली मागे, आणि मागची टाच उचललेली. हे नाव नॉर्वेतल्या टेलीमार्क भागावरून आलं. तिथल्या मोर्गेदाल गावचा, हे वळण लोकप्रिय करणारा सोन्द्रे नोरहाइम 1868 साली क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, स्पर्धेला उतरला तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. तेव्हा ‘आपलं वय झालं’ ही सबब इथे चालत नाही.

आता तो मागचा पाय. टाच उचला म्हटलं की आपण नकळत बोटांच्या टोकांवर उभे राहतो. बूट उभा होतो, स्कीवर दाब पडत नाही आणि ती वाट फुटेल तिकडे जाते. वजन हवं चवड्यावर. बुटाच्या पुढच्या भागात अकॉर्डियनच्या भात्यासारखी घडी असते, ती घडी दुमडली गेली पाहिजे. वजन साधारण अर्धं-अर्धं, पण नवशिक्याने मनात ‘मागे जास्त’ असंच म्हणावं, तेव्हा कुठे ते निम्म्यावर येतं. तपासायची सोपी युक्ती अशी: सौम्य उतारावर आडवं जाताना टेलीमार्कच्या पवित्र्यात या आणि पुढची स्की क्षणभर बर्फावरून उचलून बघा. उचलता आली तर ठीक. नाहीच आली, तर मागचा पाय नुसता शोभेला आहे.

पाय फार लांब फाकवणं हे त्याच दुखण्याचं दुसरं रूप. मागचा पाय जितका दूर, तितकं त्यावर वजन टाकणं अवघड. मागचा गुडघा पुढच्या पोटरीच्या आसपास राहू द्या. खोल बसलं म्हणजे टेलीमार्क झालं, हा गैरसमज आहे.

पाय बदलताना उडी मारू नका. बहुतेक जण आधी वळतात, मग झटक्यात पाय बदलून पोझ घेतात. त्या झटक्यात दोन्ही पाय क्षणभर हलके होतात आणि तोल तिथेच जातो. बदल वळणाइतकाच लांबायला हवा. मला उपयोगी पडलं ते असं: पुढचा पाय पुढे ढकलण्याऐवजी आतला पाय हळूहळू मागे ओढायचा आणि मनात एक ते चार मोजायचं. चार येईपर्यंत पाय सरकतच राहिला पाहिजे. आधी सपाटीवर, मग आडवं जाताना, आणि मगच वळणात. शिबिरात हा क्रम कंटाळवाणा वाटतो, म्हणून लोक मधलं गाळतात आणि रविवारी परत तिथेच येतात.

नेहमीचं अल्पाइन स्कीइंग येणाऱ्यांची अडचण वेगळी. बुटाच्या जिभेवर नडगी दाबून पुढे झुकायची त्यांना सवय असते. इथे टाच धरून ठेवणारं काही नाही, त्यामुळे ते सरळ तोंडावर येतात. धड दोन पायांच्या मधोमध, हात समोर, नजर उतारावर. स्कीच्या टोकांकडे बघितलं की पाठ वाकलीच. आणि टाच मोकळी आहे म्हणून ती सतत उचललीच पाहिजे असंही नाही. उतार तीव्र वाटला तर टाचा टेकवून साधं वळण घ्या, कुणी हसत नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. बुटाचा पुढचा बकल गच्च आवळला की घडी दुमडतच नाही, तो सैल ठेवा. मोजे एकच जोडी. गुडघ्याला पॅड हवेतच, बर्फाखालचा दगड दिसत नाही. बऱ्याच टेलीमार्क बाइंडिंगमधून, म्हणजे बूट स्कीला बांधणाऱ्या पकडीतून, पडताना स्की आपोआप सुटत नाही, भाड्याने घेताना हे विचारून घ्या. सुटणारी असेल तर ब्रेक किंवा दोरी आहे ना, तेही बघा.

रविवारी दुपारी मांड्या थरथरायला लागल्या की शेवटची फेरी सोडून द्या. त्याऐवजी एखाद्या सोबत्याला बाजूने मोबाइलवर तुमची दोन-तीन वळणं टिपायला सांगा आणि व्हिडिओत फक्त मागचा बूट बघा. घडी दिसली तर उतार थोडा वाढवायला हरकत नाही. बूट टोकावर उभा दिसला, तर पुन्हा सौम्य उतारावर आडवं जायचं आणि पुढची स्की उचलायची.