बार हार्बरला जहाज थांबणार असेल तर

बॉस्टन किंवा न्यूयॉर्कहून कॅनडाकडे जाणाऱ्या क्रूझवर मेन राज्यातलं बार हार्बर बरेचदा असतं आणि त्याला लागूनच अकेडिया नॅशनल पार्क. वेळापत्रकात 'सकाळी ८ ते संध्याकाळी ६' असं छापलेलं असतं. ते दहाच्या दहा तास आपले नाहीत, हे आधी पक्कं करा. जहाज फ्रेंचमन बेमध्ये नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटींनी धक्क्यावर नेतं. आमचा त्या रांगेतच सव्वा तास गेला. कॅनडाहून परतताना हे अमेरिकेतलं पहिलं बंदर असेल, तर इमिग्रेशन वेगळं. हातात सहा तास आहेत असं समजून बेत करा आणि शेवटच्या टेंडरच्या तासभर आधी धक्क्यावर या.

आता बेत काय करायचा हे भरती-ओहोटीवर सोडा. इथे पाणी दहा-बारा फूट चढतं-उतरतं. ओहोटीच्या आधी आणि नंतर दीड-दीड तास गावातून बार आयलंडपर्यंतचा गोट्यांचा पट्टा उघडा पडतो, त्यावरून चालत जाता येतं. उशीर केलात तर पलीकडेच अडकाल. उलट थंडर होल या कपारीत लाट घुसून हवा कोंडते आणि धडाम आवाज होतो, तो ऐकायचा तर भरतीच्या तास-दोन तास आधी जायला हवं. म्हणजे तारीख ठरली की 'नोआ'चा, म्हणजे अमेरिकेच्या समुद्र-हवामान खात्याचा, भरतीचा तक्ता काढून ठेवा. आमचे बाबा रत्नागिरीचे. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा त्यांचा कोकणातला हिशेब. त्यांनी जहाजाच्या डेकवर तिथी विचारली, अष्टमी होती, "आठ पाऊण सहा, सहाला भरती, बाराला सुकती" असं म्हणून मोकळे झाले. तक्त्यातली ओहोटीही बाराच्या आसपासचीच निघाली! दिवसभर चेहऱ्यावर विजय होता. तरी तुम्ही तक्ताच घ्या.

पैशांचं आधीच बघा. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या, १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या पाहुण्यांना अकेडियासह अकरा पार्कांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा पडतात. भारतातून आलेले आईवडील सोबत असतील तर हा आकडा बोचतो. पुढे आणखी पार्क बघायचे असतील तर २५० डॉलरच्या वार्षिक पासचा हिशेब मांडून बघा. तुम्ही स्वतः तिथले रहिवासी असाल तर फोटोचं ओळखपत्र खिशात हवं. आईवडिलांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना आणि कॅनडाचा काढला आहे ना, हे तिकिटाआधीच तपासा.

कॅडिलॅक माउंटन १,५३० फूट. मे अखेर ते ऑक्टोबर अखेर स्वतःच्या गाडीनं वर जायला आधी आरक्षण लागतं आणि फुकटची आयलंड एक्स्प्लोरर बस शिखरावर जातच नाही. वर जायचंच असेल तर टूर आधी बुक करा. एरवी ही बस उत्तम, जूनच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असते. बस फुकट असली तरी पार्कचा पास लागतोच. माझं मत विचाराल तर कॅडिलॅक सोडा, सँड बीचला उतरा आणि ओशन पाथवरून गुलाबी ग्रॅनाइटच्या कडेकडेनं चाला. एका बाजूनं साधारण दोन मैल, गुडघे कुरकुरले तर मधूनच बस पकडता येते. बीहाइव्ह नावाच्या कड्यावरच्या लोखंडी कड्या धरून चढायच्या वाटेवर मात्र आईबाबांना नेऊ नका.

जुलैतही विंडचीटर घ्या, धुकं येतं. समुद्राच्या पाण्यात पाय घालून बघा, कळ येते. बुटांचा तळ खरखरीत हवा, कारण काळपट ओला दगड साबणासारखा असतो. आईनं साडी नेसायचा हट्ट धरला होता. डुलणाऱ्या टेंडरमध्ये पाय टाकताना तिनंच "बरं झालं, सलवार घातली" म्हटलं. गवतातून जाणार असाल तर पँट मोज्यात खोचा, गोचिड्यांमुळे लाइम रोग होतो. रोजची औषधं जहाजात ठेवून जाऊ नका, एक दिवसाची जास्तीची जवळ असू द्या. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, आत रेंज धड नसते.

आणि मनगटावर साधं घड्याळ बांधा. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदराची वेळ बार हार्बरच्या तासभर पुढे असते, फोन आपोआप बदलतो, जहाज मात्र स्वतःच्या वेळेनं चालतं. उतरताना दारावरच्या माणसाला जहाजाची वेळ विचारून काटे लावून घ्या.