जुना क्यू६६०० तीन गिगाहर्ट्झवर न्यायचा असेल तर

इंटेलचा कोअर २ क्वाड क्यू६६०० प्रोसेसर घरात पडून असेल तर भंगारात देऊ नका, २००७ चा आहे पण ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, शिकायला मस्त. गणित सोपं, एफएसबी (फ्रंट साइड बस, बोर्डाचा मूळ क्लॉक) २६६ मेगाहर्ट्झ गुणिले मल्टिप्लायर ९ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. मल्टिप्लायर ९ च्या वर जात नाही, म्हणून एफएसबीच वाढवायचा, ३३३ केला की झाले ३ गिगाहर्ट्झ.

आधी मदरबोर्ड नीट बघा. प्रोसेसरच्या सॉकेटजवळच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा. मग कूलर काढा, जुनी पेस्ट खडूसारखी वाळलेली असते, ती आयसोप्रोपिलने पुसली की प्रोसेसरच्या झाकणावरची अक्षरं दिसतात, एसएलएसीआर असेल तर जी० स्टेपिंग, म्हणजे चिपची सुधारित आवृत्ती, कमी तापणारं, नशीब चांगलं तुमचं. नवीन पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. कूलरच्या पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाबा आणि बोर्ड उलटा करून चारही आरपार आल्यात का बघाच, एक जरी अर्धवट राहिली तरी टेंपरेचर चढतं.

आता बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना उघडायचं सेटिंग. पीसीआय एक्सप्रेसचा (ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटचा) क्लॉक १०० वर लॉक करा. आणि रॅम, इथेच बहुतेक जण अडकतात, कारण एफएसबी वाढवला की रॅमही सोबत पळते, ८०० ची डीडीआर२ त्याच रेशोवर (एफएसबी आणि रॅमच्या वेगाचं प्रमाण) ठेवलीत तर ३३३ ला ती थेट १००० वर जाते आणि मशीन हँग, आपण मात्र प्रोसेसरला दोष देत बसतो, माझ्या दोन संध्याकाळी यातच गेल्या. रेशो १:१ करा, रॅम ६६७ वर निवांत चालेल.

व्होल्टेज ऑटोवर ठेवू नका, बरेच बोर्ड गरजेपेक्षा जास्त देतात. कोअर टेंप या सॉफ्टवेअरमध्ये व्हीआयडी, म्हणजे प्रोसेसर स्वतः मागतो ते व्होल्टेज, दिसतो तोच हाताने टाका. मग एफएसबी २८०, ३००, ३२०, ३३३ असा चढवत जा, दर पायरीला प्राइम९५ या ताण देणाऱ्या सॉफ्टवेअरची स्मॉल एफएफटी चाचणी अर्धा तास, शेवटच्या पायरीला रात्रभर. चाचणीतला एखादा वर्कर (प्रत्येक कोअरवरचं काम) थांबला तर व्होल्टेज एक खाच वर, पण १.४ व्होल्टच्या पुढे मी तरी जात नाही. कोअर ७० डिग्रीच्या वर गेले तर आधी कूलर बदला.

स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका, पॉवरची वायर काढा, बोर्डावरचा गोल सेल पाच-दहा मिनिटं काढून परत बसवा, सेटिंग मूळ पदावर येतं, मग आधीच्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.