सोशल अँक्झायटी असलेल्या नायिकेची पुनर्भेटीची प्रेमकादंबरी कशी लिहावी

तरुणपणी दुरावलेली दोन माणसे अनेक वर्षांनी पुन्हा भेटतात आणि एकमेकांना दुसरी संधी देतात, अशा कादंबऱ्यांवर वाचकांचा नेहमीचा आक्षेप असा असतो की, दोघे एकदा समोरासमोर बसून बोलले असते तर हे सगळे घडलेच नसते. नायिकेला सोशल अँक्झायटी, म्हणजे लोकांत वावरण्याची आणि बोलण्याची तीव्र भीती असेल, तर हाच आक्षेप कादंबरीचा आधार होऊ शकतो, कारण बसून बोलणे हीच तिला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट असते. म्हणून पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी दुराव्याचे कारण पक्के करावे आणि ते तिच्या भीतीतूनच निघेल असे पाहावे. कान भरणारी मैत्रीण, हरवलेले पत्र, वडिलांचा विरोध ही सगळी बाहेरची कारणे आहेत. ती वापरली की नायिकेची चिंता केवळ स्वभाववर्णनापुरती उरते.

या चिंतेची रचना लेखकाला नीट माहीत असायला हवी. ती बहुधा कुमारवयात सुरू होते आणि तिच्या मुळाशी, लोक आपल्याला पाहत आहेत व मनातल्या मनात आपल्याला कमी लेखत आहेत, ही भीती असते. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार, अशा व्यक्तीचे लक्ष समोरच्या माणसावरून उडून स्वतःवरच खिळते. आपला आवाज कापतो आहे का, चेहरा लाल झाला आहे का, याची ती आतून सतत तपासणी करत राहते. प्रसंगाआधी ती मनात तालीम करते, प्रसंगात नजर चुकवणे किंवा हातात काहीतरी धरून ठेवणे असे बचावाचे उपाय योजते आणि प्रसंग संपल्यावर रात्रभर प्रत्येक शब्द उकरून काढते. कादंबरीकाराने या शेवटच्या टप्प्याला सर्वाधिक जागा द्यावी असे माझे ठाम मत आहे, कारण बाहेरून काहीच न दिसणारा हा छळ दाखवणे कादंबरीला जितके साधते तितके चित्रपटाला साधत नाही.

आता हे सांगलीत बसवून पाहू. अश्विनी आणि महेश विलिंग्डन महाविद्यालयात एकत्र शिकले असे धरू. 2005 चा पावसाळा आहे, महेश नोकरीसाठी पुण्याला निघाला आहे आणि जाण्यापूर्वी तो म्हणतो, "आठ दिवसांत घरी फोन कर, मग मी आईशी बोलतो." महेशच्या घरी लँडलाइन फोन आहे आणि तो बहुतेक वेळा त्याची आई उचलते. अश्विनी दुपारी घर रिकामे झाल्यावर फोनजवळ बसते, "नमस्कार काकू, मी अश्विनी" हे वाक्य कागदावर लिहून ठेवते, आणि शेवटचा आकडा दाबण्याआधी रिसीव्हर खाली ठेवते. त्या वर्षी कृष्णेला महापूर आला होता, त्यामुळे तारा तुटून फोन बंद पडला असे दाखवण्याचा मोह होईल. तो टाळावा. फोन सुरूच असला पाहिजे, नाहीतर दोष नदीवर जातो आणि अश्विनीला पुढे चौदा वर्षे स्वतःला क्षमा न करण्याचे कारणच राहत नाही.

पुनर्भेटीसाठी ऑगस्ट 2019 योग्य ठरेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे आणि त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. गावभागात राहणाऱ्या अश्विनीला वृद्ध वडिलांसह एखाद्या शाळेतील निवारा केंद्रात यावे लागते. येथे लेखकाने थांबून बारकाईने लिहावे. तिला पुरापेक्षा या केंद्राची भीती अधिक वाटते: टेबलाशी उभे राहून मोठ्याने नाव-पत्ता सांगणे, ताट घेऊन रांगेत उभे राहणे, अनोळखी बायकांच्या शेजारी झोपणे. वाढणाऱ्यांत तिला महेश दिसतो आणि ती ताट तसेच ठेवून परत फिरते. संध्याकाळी तो स्वतःच जवळ येऊन विचारतो, "जेवलीस का गं?" ती "हो" म्हणते. ती जेवलेली नसते, आणि ते एक "हो" ती पहाटेपर्यंत उगाळत बसते. महेशने होडीतून येऊन तिला वाचवण्यापेक्षा हे चार शब्द कादंबरीला अधिक उपयोगी आहेत.

काही प्रकरणे महेशच्या नजरेतून लिहावीत. भिडस्त माणूस बाहेरच्यांना अनेकदा शिष्ट वाटतो. महेशनेही 2005 मध्ये तिचे मौन हा नकार मानला आणि पुन्हा विचारले नाही. ही चूक त्याने स्पष्ट शब्दांत कबूल केल्याशिवाय दुसरी संधी देऊ नये, कारण सगळा दोष तिच्या आजाराच्या माथी मारणारी कादंबरी अन्यायकारक ठरते.

प्रेमामुळे ती बरी झाली, असे मात्र कदापि लिहू नये. बोधात्मक वर्तनोपचारात, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचारात, भीतीच्या प्रसंगांची सोप्यापासून अवघडापर्यंत उतरंड करून रुग्णाला एकेका पायरीला सामोरे नेले जाते, आणि ही पद्धत कथानकाला आयती चौकट देते. मिरजेतील एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे ती जाऊ लागते; मग मारुती चौकात भाजीवाल्याला भाव विचारणे, दुकानात घेतलेली वस्तू परत करणे, आत्याच्या घरी हळदी-कुंकवाला शेवटपर्यंत बसणे अशा पायऱ्या येतात. एखाद्या पायरीवर ती हमखास मागे फिरली पाहिजे. महेशने तिच्या वतीने बोलू नये, तिला उपदेशही करू नये. त्याने वाट पाहावी आणि कधी चिडावेही.

कळसाच्या प्रसंगी 2005 मध्ये राहून गेलेले वाक्य तिने महेशच्या आईसमोर दारात उभे राहून, कापऱ्या आवाजात का होईना, पूर्ण करावे. त्यानंतर लग्न दाखवायचे असेल, तर शेकडो पाहुण्यांनी भरलेले मंगल कार्यालय टाळावे. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार 30 दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार पुरेसे असतात, त्या महिनाभरात "चारचौघांत लग्न का नाही?" असे विचारणाऱ्या आत्याला ती काय उत्तर देते, यावर शेवटचे प्रकरण लिहावे.