गाड्यांच्या सेफ्टी नियमाचा मसुदा आलाय? मग हरकत अशी पाठवा

"आता प्रत्येक ट्रॅक्टरला जीपीएस सक्तीचा" असला मेसेज ग्रुपवर पडला की आपल्याकडं दोन गोष्टी ठरलेल्या, कट्ट्यावर सरकारला शिव्या आणि मग बिंदू चौकात निदर्शनं. दोन्ही करा, कोल्हापूरला ते शिकवायला नको, टोल घालवलेलं गाव आहे हे. पण तिसरं एक काम असतंय जे जवळपास कोण करत नाही, म्हणजे दिल्लीला लेखी हरकत पाठवणं, आणि त्याला ना वकील लागतोय ना फी, फक्त मुदतीत पाठवावी लागती आणि नीट लिहावी लागती, आणि आपली गाडी अडती ती नेमकी इथंच.

आधी एवढं डोक्यात घ्या की हरकत मागवून सरकार आपल्यावर उपकार करत नाही. मोटार वाहन कायदा 1988 मधल्या कलम 110 नं केंद्राला ब्रेक, दिवे, रिफ्लेक्टर, काचा, गाडीची लांबी-रुंदी, स्पीड गव्हर्नर असल्या सगळ्यावर नियम करायचा अधिकार दिलाय, पण त्याच कायद्यातलं कलम 212 म्हणतंय की नियम करायच्या आधी मसुदा प्रसिद्ध करा. आणि 1897 चा जो जुना जनरल क्लॉजेस ॲक्ट आहे त्याच्या कलम 23 प्रमाणं मुदतीत आलेल्या हरकतींचा विचार करणं त्यांना भाग आहे. मान्यच केल्या पाहिजेत असं नाही हां, विचार करायचा. फरक आहे, पण हा विचार तुमचं पत्र तिथं पोचलं असेल तरच होणार ना.

आता पहिलं काम, मेसेज सोडा आणि मूळ कागद काढा. बातमीतनं नियम वाचायचा नसतोय, कारण बातमीत "सगळ्या गाड्यांना" असं असतंय आणि कागदात "अमुक कॅटेगरीच्या, अमुक तारखेनंतर बनलेल्या" असं असतंय. केंद्राचं ईगॅझेट, म्हणजे राजपत्राचं साईट आहे, तिथं एक्स्ट्राऑर्डिनरी गॅझेटमध्ये भाग 2, सेक्शन 3, सब-सेक्शन (i) मध्ये रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय सिलेक्ट करा आणि तारीख टाका. मंत्रालयाच्या स्वतःच्या साईटवरही नोटिफिकेशन टाकतात. प्रत्येक नोटिफिकेशनला जीएसआर (जनरल स्टॅट्युटरी रूल्स) नंबर असतोय, हिंदीत सा.का.नि., पुढं कंसात ई किंवा अ. तो नंबर लिहून ठेवा, पुढं सगळीकडं तोच लागतोय. पीडीएफ उघडली की आधी हिंदी आणि खाली तोच मजकूर इंग्रजीत असतोय, सरकारी हिंदी डोक्यावरनं गेली तर सरळ खाली स्क्रोल करा.

कागद हातात आला की पहिल्या पॅरात बघा "ड्राफ्ट" म्हटलंय का. मसुदा असेल तर लिहिलेलं असतंय की खालील नियम करायचा "प्रस्ताव" आहे आणि हरकती-सूचना 30 दिवसांत पाठवा. हे 30 दिवस गॅझेटची प्रत लोकांना उपलब्ध झाल्याच्या दिवसापासून मोजायचे, तुमच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं तेव्हापासून नाही, आणि फॉरवर्ड हमखास पंधरा-वीस दिवस शिळं असतंय. उलट फायनल नियम असेल तर सुरवातीलाच लिहितात की मसुदा अमुक जीएसआर नंबरनं प्रसिद्ध केला होता, आलेल्या हरकतींचा विचार केला, आता नियम करतोय. तो कागद हातात असेल तर हरकतीची वेळ गेली, मग खाली शेवटी सांगितलंय तिकडं जा.

मसुदा म्हणजे कायदा नाही हे मी परत परत सांगणार कारण लोकं इथंच घाबरतात किंवा इथंच हुरळून जातात. सहा एअरबॅगचं आठवतंय? 14 जानेवारी 2022 चा मसुदा, 1 ऑक्टोबर 2022 पासून लागू करायचा म्हणून. मग सप्टेंबर 2022 मध्ये एक वर्ष पुढं ढकललं, आणि सप्टेंबर 2023 मध्ये मंत्रीच म्हणाले की सक्ती करणार नाही. दुसरीकडं बाईकवर पोराला घेऊन जायचा नियम बघा, चार वर्षांच्या आतल्या पोराला हेल्मेट, सेफ्टी हार्नेस आणि स्पीड 40 च्या आत, त्याचा मसुदा ऑक्टोबर 2021 ला आला आणि 15 फेब्रुवारी 2022 ला फायनल झाला, लागू व्हायला वर्षाची सवलत दिली. ट्रकच्या केबिनला एसी, त्याच्या मसुद्यात 1 जानेवारी 2025 होतं, फायनलमध्ये 1 ऑक्टोबर 2025 झालं. म्हणजे मधल्या काळात गोष्टी हलतात, तारीख तर लय वेळा हलती.

आता वाचायचं कसं. सुधारणा असती ती तुकड्यात असती, "नियम अमुकमध्ये उपनियम तमुकनंतर हे घाला", एवढंच. नुसतं तेवढं वाचून काही कळत नाही, शेजारी केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 ची चालू प्रत उघडून ठेवा आणि तो तुकडा त्या जागी बसवून वाचा. मग तीन गोष्टींवर पेन्सिलनं गोल करायचा.

एक, कॅटेगरी. एल म्हणजे दोन-तीन चाकी, एम म्हणजे माणसं नेणाऱ्या, एन म्हणजे माल नेणाऱ्या. एम1 म्हणजे ड्रायव्हर सोडून आठ सीटपर्यंतची कार. एन1 म्हणजे साडेतीन टनापर्यंत एकूण वजन, एन2 त्याच्यावर 12 टनापर्यंत, एन3 त्याच्याही वर. ट्रेलर टी मध्ये येतंय. ट्रकच्या एसीचा नियम एन2 आणि एन3 ला होता, तरी आपल्या मार्केट यार्डातले छोटा हत्तीवाले उगाच टेन्शनमध्ये होते, छोटा हत्ती एन1 आहे, त्याचा काय संबंध.

दोन, तारीख कशाची. "अमुक तारखेनंतर उत्पादित" असं असेल तर तुमच्या दारात उभी असलेली जुनी गाडी त्यात येत नाही, विषय संपला. काही वेळा नवीन मॉडेलला एक तारीख आणि आधीपासून विकत असलेल्या मॉडेलला दुसरी असती, जसं पॅसेंजर साईडच्या एअरबॅगला होतं. वापरात असलेल्या गाड्यांनाही लागू करायचं असेल तर ते वेगळं स्पष्ट लिहितात, आणि तसं लिहिलं असेल तरच रात्री झोप उडवून घ्या.

तीन, एआयएस नंबर, म्हणजे ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्डचा, गाडीच्या तांत्रिक मानकाचा नंबर. खरी मेख इथं असती. नियमात एकच ओळ असती, "एआयएस-145 प्रमाणे असावे" वगैरे, आणि सगळा तपशील त्या स्टँडर्डमध्ये असतोय. ही स्टँडर्ड्स पुण्यात कोथरूडला एआरएआय ही गाड्यांची चाचणी-संशोधन करणारी संस्था आहे (त्यांच्या टेकडीवर फिरायला गेला असाल कधीतरी) तिथल्या साईटवर फुकट मिळतात. मसुदा वाचला आणि एआयएस वाचलं नाही तर तुम्ही पाकीट वाचलंय, पत्र वाचलं नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखानदारांनी तर हे जास्तच बघावं, कारण एआयएसचा मसुदा आधी कमिटीत तयार होतोय आणि तोही एआरएआयच्या साईटवर कमेंटसाठी टाकतात, म्हणजे गॅझेटच्या कितीतरी आधी बोलायची एक संधी असती. कास्टिंग, ब्रेक ड्रम, हब बनवणाऱ्यांनी स्मॅक, गोशिमा (तिथल्या उद्योजकांच्या संघटना) किंवा इंजिनिअरिंग असोसिएशनच्या लेटरहेडवरनं तिथंच बोललेलं बरं, गॅझेट निघाल्यावर टेक्निकल भाग बदलणं अवघड होऊन बसतंय.

आता हरकत लिहायची. आपल्याकडचा नमुना असा असतो: "हा काळा कायदा शेतकऱ्यांच्या मुळावर उठला आहे, त्वरित रद्द करावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल." हे पेपरला द्या, छान वाटतंय. दिल्लीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला मात्र कुठल्या उपनियमात कुठला शब्द बदलायचा हे कळलं पाहिजे, नाहीतर तो एका ओळीत "सर्वसाधारण विरोध" म्हणून लिहून मोकळा होतोय आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही.

म्हणून प्रत्येक मुद्द्याला आधी उपनियमाचा नंबर, मग प्रत्यक्षात अडचण काय, मग त्याऐवजी काय शब्द हवेत, असं लिहा. समजा उद्या ऊस ओढणाऱ्या ट्रॉलीच्या रिफ्लेक्टरवर मसुदा आला (हे उदाहरण माझ्या मनचं, पण विषय आपल्या रोजचा). मागच्या फळीवर लाल रिफ्लेक्टर लावा एवढंच त्यात असेल तर दिल्लीतल्या माणसाला ते पुरेसं वाटणार. पण गळीत हंगामात रात्री कागल किंवा वारणेच्या रस्त्यावर गाडी चालवलेल्या कुणालाही विचारा, ट्रॉली भरली की वाढं (उसाचा वरचा पाला) मागं लोंबतंय आणि फळी, दिवा, रिफ्लेक्टर सगळं झाकून टाकतंय, वर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागच्या बाईकवाल्याला समोर अंधारच दिसतोय. मग हरकत अशी लिहा:

"प्रस्तावित उपनियम अमुक. मागील फळीवरील रिफ्लेक्टर ऊस भरल्यावर लोंबणाऱ्या पाल्याने झाकला जातो, सोबत रिकाम्या आणि भरलेल्या ट्रॉलीचे रात्रीचे फोटो जोडले आहेत. तरी 'मागील बाजूस' या शब्दांऐवजी 'मागील बाजूस, पूर्ण भार असताना झाकले जाणार नाही अशा ठिकाणी' असे शब्द घालावेत. एकापेक्षा जास्त ट्रेलर जोडले असल्यास हे प्रत्येक ट्रेलरला लागू असल्याचे स्पष्ट करावे."

बस्स. बघा यात विरोध पण नाही, उलट नियम कडकच केला, पण आपल्या रस्त्याला बसेल असा केला. सूचना म्हणजे हेच, सगळ्याला नाही म्हणायचं नसतंय. आणि खर्चाचा मुद्दा असेल तर आकडा द्या, कोटेशन जोडा, "परवडणार नाही" या दोन शब्दांना वजन नसतंय पण दोन दुकानांच्या कोटेशनला असतंय. मुदत वाढवून हवी असेल तर का ते सांगा, उदाहरणार्थ ट्रॉल्या हंगामात रिकाम्या मिळत नाहीत, काम उन्हाळ्यातच होणार, म्हणून तारीख ऑक्टोबरऐवजी जूननंतरची ठेवा. असलं कारण दिल्लीत कुणाला सुचणार नाही, ते आपणच सांगायचं.

दंडाचं रडगाणं यात घालू नका. तडजोड शुल्क (कोर्टात न जाता भरायचा दंड) किती ते राज्य ठरवतंय कलम 200 खाली, मंत्रालय म्हणणार आमच्याकडं नाही. आरटीओमधला त्रासही इथं लिहायचा नाही, त्यानं चांगला मुद्दा पातळ होतोय.

भाषा शक्यतो इंग्रजी किंवा हिंदी ठेवा. मराठीत पाठवायला कुणी अडवत नाही, पण वाचणाऱ्याला कळायला पाहिजे हा साधा हिशोब. इंग्रजी पल्लेदार नको, कॉलेजातल्या पोराकडनं लिहून घ्या, फक्त त्याला "वुई स्ट्राँगली कंडेम" लिहू देऊ नका. ऊस तोडणी-वाहतूकवाल्यांनी एकत्र पाठवायचं असेल तर एकच मजकूर शंभर जणांनी कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या गाडीचं उदाहरण घालून पाठवलेलं जास्त उपयोगी, शंभर सारखे ईमेल शेवटी एकच मुद्दा म्हणून मोजले जाणार.

पाठवायचं कुठं ते मसुद्यातच असतंय, अधिकाऱ्याचं पद, ट्रान्सपोर्ट भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली 110001 आणि ईमेल. ईमेलच्या सब्जेक्टमध्ये जीएसआर नंबर आणि तारीख घाला. मी म्हणेन ईमेल पण करा आणि स्पीड पोस्ट पण करा, पावती जपा, ट्रॅकिंगमध्ये "डिलिव्हर्ड" आलं की स्क्रीनशॉट काढा. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, पोस्टाला दिल्ली गाठायला वेळ लागतोय आणि मुदत पत्र तिथं पोचायची आहे, तुम्ही टाकायची नाही. एक प्रत आपल्या खासदारांना द्या, कोल्हापूर किंवा हातकणंगले जे असेल ते, त्याचं कारण खाली येतंय.

अजून एक, मसुदा केंद्राचा की राज्याचा ते बघा. कलम 111 खाली काही नियम राज्य करतंय, ते महाराष्ट्र शासन राजपत्रात येतात आणि हरकत मुंबईला जाती. तिकडचं इकडं पाठवलं तर वाया.

नियम फायनल झाला आणि तुमचं म्हणणं आलंच नाही, तर दोन वाटा. केंद्राचा प्रत्येक नियम कलम 212 प्रमाणं संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर एकूण 30 दिवस ठेवावा लागतोय, आणि दोन्ही सभागृहांनी ठरवलं तर त्यात बदल होऊ शकतोय किंवा तो रद्द होऊ शकतोय. क्वचित होतंय, खरं सांगायचं तर, पण खासदारांना प्रश्न विचारायला त्यानं निमित्त मिळतंय, म्हणून ती प्रत. दुसरी वाट माहिती अधिकाराची. ऑनलाईन आरटीआय पोर्टलवर मंत्रालय निवडा, 10 रुपये भरा आणि नेमकं मागा: जीएसआर अमुकवर आलेल्या हरकतींची यादी, त्यावर केलेला तक्ता किंवा टिपणी, आणि माझ्या अमुक तारखेच्या हरकतीवर काय शेरा मारला त्याची प्रत. "का मान्य केली नाही" असं विचारू नका, कागद मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गोलगोल आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करायचं, त्याला फी नाही, आणि अपिलात स्पीड पोस्टची पावती जोडायची.